पंचाहत्तर रुपयांचा प्राध्यापक : फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आरंभकाळातील जमाखर्च

फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आरंभकाळाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांतील बहुतेक लेखन चरित्रांच्या निमित्ताने झालेले आहे. टिळक, आगरकर, गोखले, कर्वे यांपैकी कोणाचेही चरित्र लिहावयाचे म्हटले की लेखकाला एखादे प्रकरण तरी या संस्थेवर खर्चावे लागते, आणि मग संस्था ही त्या त्या नायकाच्या प्रवासातील एक मुक्काम ठरते. मुक्कामाचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न प्रवाशाच्या चरित्रात सहसा उद्भवत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. पुण्याच्या पेठेतील एका वाड्यात सुरू झालेले, मुख्यतः भाषा, इतिहास, तर्कशास्त्र, गणित असे सर्वसामान्य शिक्षण देणारे एक लहान महाविद्यालय चालविण्याचा खर्च खरोखर कोणाच्या पदरचा होता, आणि त्या खर्चाच्या मोबदल्यात समाजाच्या हाती काय आले, हे पहिल्या वीस-पंचवीस वर्षांपुरते तपासून पाहावयाचे आहे.

हा प्रश्न निव्वळ जुन्या दप्तरांचा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाच्या संस्थांत तीन हजार किंवा त्यांहून अधिक विद्यार्थी असावेत असे उद्दिष्ट समोर ठेवले, आणि लहान महाविद्यालय म्हणजे न परवडणारी गोष्ट, हे गृहीत पुन्हा एकदा चर्चेत आले. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पुण्यात जे गृहीत प्रचलित होते ते नेमके याच्या उलट होते. त्या काळी सरकारी महाविद्यालय महाग आणि एतद्देशीयांनी चालविलेले लहान खाजगी महाविद्यालय स्वस्त, अशी सर्वांची समजूत होती. सरकारची होती, देणगीदारांची होती आणि संस्थाचालकांचीही होती. माझ्या मते या दोन्ही गृहीतांत हिशेबाची एकच बाजू सुटलेली आहे. ती बाजू कोणती, हे त्या काळच्या वस्तुस्थितीवरून स्पष्ट होईल.

जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी टिळक व नामजोशी यांच्या साहाय्याने न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. चिपळूणकरांनी सरकारी शाळाखात्यातील नोकरी नुकतीच सोडली होती. थोड्याच अवधीत वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकरांचे अकाली निधन झाले तरी शाळा चालू राहिली. त्याच वर्षी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील शिक्षणाची चौकशी करणारा आयोग नेमला गेला आणि हंटरसाहेबांनी या शाळेची प्रशंसा केली. या प्रशंसेचा उल्लेख संस्थेच्या सर्व इतिहासांत अभिमानाने येतो. तो अभिमान रास्तच होता. तथापि हंटर आयोगाला अशा शाळेत इतका रस का वाटावा, हे पाहिले म्हणजे प्रशंसेची दुसरी बाजूही ध्यानात येते. १८५४ च्या खलित्याने अनुदानपद्धती घालून दिली होती. सरकारने माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या प्रत्यक्ष व्यवस्थेतून क्रमाक्रमाने अंग काढून घ्यावे आणि खाजगी प्रयत्नांना अनुदानाने उत्तेजन द्यावे, हे धोरण आयोगाने अधिक ठामपणे मांडले. म्हणजे एतद्देशीयांची शाळा चांगली चालली तर सरकारी तिजोरीवरचा भार हलका होणार होता. पुण्यातील तरुण पदवीधर ज्याला स्वावलंबन म्हणत होते, त्याला सरकार काटकसर म्हणत होते. दोघांचे मार्ग काही अंतरापर्यंत एकच होते.

याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. उच्च शिक्षणाच्या मोलाविषयी महाराष्ट्रात जी चर्चा पुढे शतकभर चालली, तिचा सर्वांत कठोर प्रश्न या निवेदनात आहे. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमांतून येतो. तो खर्च होतो तो मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आणि बहुजनांच्या प्राथमिक शाळा उपेक्षित राहतात, असा त्यांचा मुद्दा होता. फुल्यांच्या या टीकेचा उल्लेख पुष्कळदा होतो. त्यांनी त्याच निवेदनात दिलेला इशारा मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून ते खाजगी हाती सोपवावे, याला त्यांची संमती नव्हती. तसे केल्यास शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि सरकारी संस्थांत जी तटस्थता राखली जाते तिला धोका पोहोचेल, असे त्यांना वाटत होते. खाजगी हात कोणाचे असणार, हे त्यांना ठाऊक होते. फर्ग्युसन महाविद्यालयाचा जन्म व्हायला अद्याप दोन वर्षे अवकाश होता, आणि त्याच्या हिशेबाचा तपासनीस आधीच येऊन उभा राहिला होता.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी महाविद्यालय सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव त्याला देण्यात आले. विद्यापीठाची संलग्नता टप्प्याटप्प्याने मिळत गेली. पहिले प्राचार्य आपटे. ते १८९२ मध्ये निवर्तले, तेव्हा आगरकर आले. आगरकर जून १८९५ मध्ये गेले, तेव्हा महादेव शिवराम गोळे आले. १९०२ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आले. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांकडून व पुण्या-मुंबईच्या सद्गृहस्थांकडून देणग्या जमविण्यात नामजोशींचा हात विशेष चालत असे. पुढे वर्गणीसाठी हिंडण्याचे हे काम गोखल्यांकडे आले. १८९५ साली चतुःशृंगीकडील मोकळ्या जागेवर स्वतःची मुख्य इमारत उभी राहिली. ही झाली बाह्य हकीकत. तिच्यात इमारतीचा पैसा दिसतो. महाविद्यालय मात्र पैशापेक्षा एका कराराच्या जोरावर उभे होते, आणि तो करार म्हणजे आजीव सभासदत्व.

आजीव सभासद म्हणजे संस्थेची किमान वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देणारा अध्यापक. त्याचे मासिक वेतन पंचाहत्तर रुपये. त्याचा तीन हजार रुपयांचा आयुर्विमा संस्था उतरवी आणि मुदत पुरी झाल्यावर तुटपुंजे निवृत्तिवेतन देई. ही कल्पना बसविताना संस्थापकांच्या डोळ्यांसमोर जेझुइट पंथाचा आदर्श होता. मुंबईत जेझुइटांचे सेंट झेवियर महाविद्यालय १८६९ पासून चालू होते. त्यामुळे तो आदर्श पुस्तकातला नव्हता, रेल्वेच्या एका दिवसाच्या प्रवासावरचा होता. व्रतस्थ दारिद्र्य आणि विद्यादान यांची सांगड घातली तर थोड्या पैशात मोठे काम होते, हे तेथे दिसत होते.

आता थोडे गणित करून पाहू. पंचाहत्तर रुपये मासिक म्हणजे वर्षाचे नऊशे, आणि वीस वर्षांचे अठरा हजार. अखिल भारतीय शिक्षणसेवेतील, म्हणजे जवळजवळ सर्वस्वी युरोपीयांसाठी राखलेल्या सेवेतील, प्राध्यापकाचे आरंभीचे वेतन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरमहा पाचशे रुपये होते. म्हणजे वर्षाचे सहा हजार. याचा अर्थ असा की, पंचाहत्तराच्याच दराने मोजले तर, एका आजीव सभासदाच्या वीस वर्षांच्या सेवेत सरकारी महाविद्यालयाला एका साहेबाची पहिली तीन वर्षे मिळत. वेतनातील ही तफावत केवळ पुण्यापुरती नव्हती. १८८५ सालीच कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस रुजू झाले आणि युरोपीयांपेक्षा कमी वेतन घेण्याचे नाकारून त्यांनी तीन वर्षे विनावेतन अध्यापन केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. बोसांनी कमी वेतनात अपमान पाहिला. पुणेकरांनी त्याहूनही कमी वेतन स्वतःहून ठरवून घेतले. रक्कम कोणी ठरविली, या एकाच गोष्टीने तिचा अर्थ किती पालटतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

हिशेबाची सुटलेली बाजू ती हीच. संस्थेच्या वार्षिक जमाखर्चात आजीव सभासदाचे पंचाहत्तर रुपये खर्चाच्या बाजूला पडत. देणगीदारांच्या यादीत संस्थानिक, सावकार, वकील यांची नावे असत. त्यांच्यासमोर रकमा असत. पण जो मनुष्य दरमहा शेकडो रुपये मिळविण्याची पात्रता असता पंचाहत्तर घेत होता, त्याच्या नावासमोर जमेच्या बाजूला काहीच लिहिले जात नव्हते. परांजपे यांचेच उदाहरण घेऊ. केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत १८९९ मध्ये ते सीनिअर रँग्लर झाले. ते याच महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि येथेच सेवा करण्याचे वचन देऊन विलायतेस गेलेले. १९०२ मध्ये परत येऊन ते आजीव सभासदाच्या वेतनावर प्राचार्य झाले. शिक्षणसेवेची वाट हिंदी माणसाला फारशी मोकळी नव्हती हे खरे. परंतु केवळ पात्रतेच्या दृष्टीने पाहिले तर पाचशे आणि पंचाहत्तर यांतील फरक दरमहा चारशे पंचवीस रुपयांचा, म्हणजे वर्षाला पाच हजार एकशे रुपयांचा होतो. प्रतिवर्षी एवढी देणगी देणाऱ्या संस्थानिकाचे तैलचित्र सभागृहात लावले गेले असते.

लहान महाविद्यालय स्वस्त होते, या विधानाचा अर्थ म्हणून इतकाच की त्याची किंमत देणारा मनुष्य खतावणीत दिसत नव्हता. आणि तो एकटाही नव्हता. जेझुइट हा संन्यस्त. आजीव सभासद हा प्रपंची. त्याला आईवडील होते, बायकामुले होती, धाकटी भावंडे होती. दारिद्र्याचे व्रत त्याने घेतले, पण ते पाळावे लागले सबंध कुटुंबाला. आगरकरांनी एम.ए. होण्याच्या सुमारास आईला लिहिलेल्या पत्राची हकीकत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे : मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, पोटापुरत्या पैशांत संतोष मानून मी परहितात काळ घालविणार. या पत्राकडे आपण नेहमी मुलाच्या बाजूने पाहिले आहे. ते पत्र वाचून घेतले गेले तेव्हा त्या माउलीला काय वाटले असेल, याची नोंद नाही. आगरकर वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी वीस रुपये एका पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

या पार्श्वभूमीवर १८८७ ते १८९० मधील वादाकडे पाहिले पाहिजे. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र राहिले होते. सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचे मतभेद होते आणि ‘केसरी’तून आगरकर १८८७ मध्ये बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला, हे प्रसिद्धच आहे. संस्थेच्या अंतर्गत भांडणाचा विषय मात्र बराचसा हिशेबाचा होता. वेतनात अल्पशी वाढ करावी काय. आजीव सभासदाने पुस्तके लिहून किंवा इतर मार्गाने मिळविलेले उत्पन्न त्याचे स्वतःचे की संस्थेचे. संस्थेबाहेरच्या कामात त्याने किती वेळ घालावा, हे ते प्रश्न. टिळकांचे म्हणणे निःसंदिग्ध होते. आजीव सभासदाने आपली सर्व शक्ती संस्थेला वाहिली पाहिजे, सर्वांना सारखे वेतन असले पाहिजे आणि बाहेरचे उत्पन्न सामाईक असले पाहिजे. नाही तर समतेचा पाया खचेल. इतरांचे म्हणणे असे की, पंचाहत्तर रुपयांत संसार भागत नाही. संस्थेचे तास चोख घेतल्यावर उरलेल्या वेळात मनुष्याने काय करावे हे संस्थेने सांगू नये. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, आणि वाद विकोपाला गेला. बहुमत टिळकांच्या बाजूला नव्हते. डिसेंबर १८९० मध्ये त्यांनी सविस्तर कारणे देऊन राजीनामा दिला.

या वादात न्याय कोणाच्या बाजूला होता, यावर दोन पक्ष पडलेले आहेत आणि ते बहुधा टिळकभक्त व आगरकरभक्त अशाच रेषेवर पडतात. मला वाटते, तत्त्वाची सुसंगती टिळकांच्या बाजूला होती. ज्या संस्थेचे एकमेव भांडवल म्हणजे सभासदांचा वेळ, तिने वेळेच्या गळतीकडे काणाडोळा करणे म्हणजे भांडवल खाणेच होय. हे त्यांनी इतरांपेक्षा आधी ओळखले. तथापि, त्यांचा हिशेब बरोबर असूनही त्याचा निष्कर्ष टिकत नाही. कारण ज्याला त्यांनी गळती म्हटले, त्याच गळतीतून या महाविद्यालयाची सर्वांत चिरस्थायी निष्पत्ती झाली. आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. आज एकशे तीस वर्षांनंतरही संस्कृतचा विद्यार्थी तो हाताशी ठेवतो. आगरकरांची ‘वाक्यमीमांसा’ १८८८ ची. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे शाळाशाळांतून चालले. कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला तो महाविद्यालयातील प्राध्यापकी सांभाळून. टिळकांच्या राजीनाम्यामुळे गणिताची जागा रिकामी झाली म्हणून धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये आले, हाही त्या भांडणाचाच एक अनपेक्षित परिणाम. तास संपल्यावर हिंगण्याची वाट पायी तुडविणारे हे गणिताचे प्राध्यापक टिळकांच्या नियमात कोठे बसले असते, कोण जाणे.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. हे भांडण होऊ शकले, याचे कारण भांडणाऱ्यांना मत होते. आजीव सभासद हे संस्थेचे नोकर नव्हते; संस्थेचा कारभार तेच चालवीत. वेतन किती असावे, कोणाला घ्यावे, प्राचार्य कोण असावा, हे पंचाहत्तर रुपये घेणारी माणसे आपसांत ठरवीत. कमी वेतनाच्या बदल्यात त्यांना काय मिळाले असेल तर हे स्वामित्व. आजीव सभासदांच्या त्यागाचा गौरव करताना आपण कराराचा हा उत्तरार्ध विसरतो, आणि तो विसरणे संस्थाचालकांना सोयीचे असते. आजही महाराष्ट्रातील कित्येक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर अध्यापन करणारे तरुण पदव्युत्तर पदवीधर आहेत. महाविद्यालये त्यांच्यामुळेही स्वस्तात चालतात. त्यांची आजीव सभासदांशी तुलना करून त्यांना त्यागाचा उपदेश केलेला मी एकदा एका सभेत ऐकला आहे. उपदेशकांनी त्या तरुणांपैकी एकालाही व्यवस्थापन समितीत बसविण्याची गोष्ट काढली नाही. स्वतः ठरविलेले पंचाहत्तर आणि दुसऱ्याने ठरविलेले पंचाहत्तर यांत बोसांच्या आणि आगरकरांच्या पगाराइतके अंतर आहे.

महाविद्यालय लहान असल्याचा परिणाम अध्यापनावर कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. प्राध्यापक मोजके, विषय अनेक. ज्याची जागा रिकामी पडेल त्याचा विषय दुसऱ्याने उचलावयाचा. गोखल्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, इतिहास व अर्थशास्त्र शिकविले. हवा तो विषय हुकमासरशी शिकविणारा प्राध्यापक अशी त्यांची सहकाऱ्यांत ख्याती झाली होती. विशेषज्ञतेच्या आजच्या कसोटीवर ही उणीवच ठरेल, आणि विद्यार्थ्यांचे त्यात काही नुकसानही झाले असेल. पण बर्कची वाक्ये मुखोद्गत असणारा हाच मनुष्य सायंकाळी संस्थेची वर्गणी गोळा करून तिचा जमाखर्च मांडी. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्याने साक्ष दिली, आणि १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकांवर भाषणे केली. ते आकडे आणि ते इंग्रजी एकाच मुशीत तयार झाले होते. मोठ्या महाविद्यालयात गोखले कदाचित अधिक चांगले इतिहासकार झाले असते.

तरीही फुल्यांचा प्रश्न शिल्लक उरतोच. मोबदला मिळाला, पण कोणाला? पहिल्या पिढीतील आजीव सभासद ब्राह्मण समाजातील होते आणि विद्यार्थ्यांतही त्याच वर्गाचे प्राबल्य होते. शुल्क सरकारी महाविद्यालयापेक्षा कमी ठेवले म्हणून दार सर्वांना सारखेच उघडे होते असे होत नाही. त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी आधी इंग्रजी शाळेची सात वर्षे आणि पुण्यात राहण्या-जेवण्याची सोय लागे. जमखंडीहून आलेले विठ्ठल रामजी शिंदे १८९८ मध्ये फर्ग्युसनमधून पदवीधर झाले. मराठा विद्यार्थ्यांना साहाय्य करण्यासाठी गंगारामभाऊ म्हस्के यांनी उभ्या केलेल्या डेक्कन मराठा असोसिएशनची व सयाजीराव गायकवाडांची मदत नसती तर त्यांचे शिक्षण कोठे थांबले असते, हे त्यांच्या आत्मवृत्तावरून उघड आहे. म्हणजे आजीव सभासदांच्या त्यागाने शिक्षणाची किंमत जेवढी खाली आणली, त्याच्याही खाली राहिलेले अंतर दुसऱ्या कोणीतरी भरून काढावे लागे. शिंद्यांच्या बाबतीत ते भरले गेले, आणि १९०६ मध्ये निराश्रित साहाय्यकारी मंडळी, अर्थात डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन झाले. ज्यांच्या बाबतीत भरले गेले नाही त्यांची गणती कोणत्याच दप्तरात नाही.

फुल्यांच्या आक्षेपाला या महाविद्यालयाने दिलेले एकच प्रत्यक्ष उत्तर मला दिसते, आणि तेही येथून निवृत्त झालेल्या माणसाने दिले. गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कायदेमंडळात मांडले. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण निदान काही भागांत सुरू करण्याची त्यात तरतूद होती. मार्च १९१२ मध्ये ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. त्यानंतर पाच वर्षांनी कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी ती गोष्ट करून दाखविली. त्यांचा या सोसायटीशी अध्यक्ष या नात्याने संबंध होता, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे.

आजीव सभासदत्वाची कल्पना महाविद्यालयाच्या आवाराबाहेर फार लवकर पसरली. १९०५ ची भारत सेवक समाजाची शपथ, १९०८ चा कर्व्यांचा निष्काम कर्ममठ, १९१९ मध्ये सांगलीस याच सोसायटीने काढलेले विलिंग्डन महाविद्यालय, त्याच वर्षी भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे आजीव सेवक, या सर्वांत तिचा वंश ओळखू येतो. परंतु खुद्द फर्ग्युसनमध्ये तिचे आर्थिक सामर्थ्य याच सुमारास अपुरे पडू लागले होते. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने संलग्न महाविद्यालयांच्या तपासणीची व्यवस्था केली. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह यांविषयी अपेक्षा वाढल्या. प्राध्यापक आपला पगार कमी करून घेऊ शकतो. सूक्ष्मदर्शक यंत्राला तसे करता येत नाही. विज्ञानाच्या अध्यापनाबरोबर सरकारी अनुदानाचे महत्त्व वाढत गेले, विद्यार्थीसंख्या वाढली, आणि परांजपे यांच्या कारकीर्दीत महाविद्यालयाचे लहानपण हळूहळू संपले. स्वातंत्र्योत्तर काळात अनुदानित महाविद्यालयांच्या वेतनाचा भार शासनाने उचलल्यावर पंचाहत्तर रुपयांच्या कराराचा आर्थिक अर्थ उरला नाही.

ज्या सरकारी महाविद्यालयाशी फर्ग्युसनची सतत तुलना होत असे, त्याची कथा येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. पेशवाईतील दक्षिणेच्या रकमेतून १८२१ मध्ये पुण्यास निघालेल्या संस्कृत पाठशाळेतून डेक्कन कॉलेज वाढत गेले होते. नवव्या दशकात ते खर्चाचे म्हणून डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करण्याविषयी सरकारची बोलणीही झाली. युरोपीय प्राध्यापकांविषयीच्या अटींमुळे ती फिसकटली. पुढे १९३४ मध्ये काटकसरीच्या कारणाने सरकारने ते बंदच केले. विद्यार्थी कमी आणि प्राध्यापक महाग, असा तो हिशेब होता. केवळ आकड्यांपुरते पाहिले तर तो खोटा म्हणता येत नाही. माजी विद्यार्थी मुकुंदराव जयकरांच्या नेतृत्वाखाली न्यायालयात गेले. तेथे महाविद्यालयाच्या उपयुक्ततेची चर्चा निर्णायक ठरली नाही. येरवड्याच्या इमारतीसाठी सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या देणगीने सरकारवर कोणते बंधन घातले, हा प्रश्न निर्णायक ठरला. ऑगस्ट १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. प्रारंभीच्या मोजक्या अध्यापकांत पुरातत्त्वासाठी हसमुख सांकळिया होते आणि समाजशास्त्रासाठी इरावती कर्वे होत्या. इरावतीबाई १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या होत्या. त्यांचे बालपण प्राचार्य परांजप्यांच्या घरी गेले होते, आणि त्या कर्वे प्राध्यापकांच्या सूनबाई होत.